स्तनरोपण मुंबईत, विश्रांती रत्नागिरीत

स्तनातली गाठ कशी ओळखायची, कोणाला दाखवायची, हे आता कोकणातल्या वाडीवाडीत सांगितलं जातं. आशाताई घरी येऊन विचारतात, शिबिरं भरतात, तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर चित्रं लावलेली असतात. स्तन काढावा लागला तर त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून छातीला पुन्हा आकार देता येतो, हेही काही जणींच्या कानावर गेलेलं असतं. बोलणं थांबतं ते त्याच्या पुढे. टाके घातल्यापासून बाई पुन्हा आपल्या हाताने विहिरीचं पाणी ओढेपर्यंत जो काळ जातो, त्यात काय होतं, काय सांभाळावं लागतं आणि कोण सांभाळतं, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाईला तर हा प्रश्न आणखी छळतो, कारण असं ऑपरेशन बहुधा परळला, नवी मुंबईला, पुण्याला किंवा आंबा घाट चढून कोल्हापूर-मिरजेला होतं आणि बरं व्हायचं असतं ते गुहागर, लांजा, संगमेश्वरमधल्या एखाद्या घरात, जिथून डांबरी रस्त्यापर्यंतच अर्धा तास चालावं लागतं. रोपण करायचं की नाही हे ठरवताना पुढचे सहा आठवडे कुठे जाणार आणि पुढची दहा वर्षं कोण तपासणार, याचा विचार ऑपरेशनइतकाच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आज तो होत नाही.

सुरुवात मात्र त्याही आधीच्या प्रश्नापासून करायला हवी: स्तन काढावाच लागणार आहे का? अमेरिकेतले डॉक्टर बर्नार्ड फिशर आणि इटलीतले डॉक्टर उंबेर्तो वेरोनेसी यांनी रुग्णांचा वीस-वीस वर्षं पाठपुरावा करून २००२ साली दाखवून दिलं की, गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून रेडिएशन दिल्याने आयुष्य कमी होत नाही. म्हणजे अनेक जणींना इम्प्लांटची गरजच पडू नये. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. गाठ लवकर सापडली पाहिजे आणि रेडिएशनसाठी काही आठवडे रोज केंद्रावर जाता आलं पाहिजे. दोन्ही ठिकाणी अंतर आडवं येतं. शेतीची कामं, मुलांच्या परीक्षा, ‘गणपती होऊन जाऊ देत’ म्हणून पुढे ढकललेली तपासणी, आणि मग मोठी झालेली गाठ. शिवाय मुंबईत महिनाभर राहायचं कुठे, या धास्तीने ‘काढूनच टाका एकदा’ म्हणणाऱ्या बायकाही आहेत. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने हाताने तपासणी केली, तर रोग आधीच्या टप्प्यात सापडतो, हे त्यातून दिसलं. मॅमोग्राफी सहज न मिळणाऱ्या जिल्ह्यासाठी हे फार मोलाचं आहे. टाटा मेमोरियल सेंटरने डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने आपल्या जिल्ह्यात गावोगावी जाऊन तपासणीचं काम केलं आहे. रोपणानंतरच्या काळजीचा विचार करताना या कामाकडे मी पुन्हा वळणार आहे, कारण माणसं आणि वाट तिथे आधीच तयार आहेत.

सिलिकॉनचं पहिलं रोपण १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला झालं. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो हे ते शल्यविशारद. आज कर्करोगानंतर ते दोन प्रकारे बसवतात. त्वचा पुरेशी उरली असेल तर स्तन काढताना त्याच वेळी कायमचं इम्प्लांट ठेवतात. नसेल तर आधी छातीच्या स्नायूखाली किंवा त्यावर एक रिकामी पिशवी ठेवतात, तिला टिश्यू एक्स्पाण्डर म्हणतात. जखम भरल्यावर दर एक-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात थोडं थोडं सलाईन भरून त्वचा ताणतात आणि काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून ती पिशवी काढून कायमचं इम्प्लांट बसवतात. दादर-ठाण्याच्या बाईला ही दर आठवड्याची फेरी जड जात नाही. खेड किंवा राजापूरच्या बाईला प्रत्येक फेरी म्हणजे येऊन-जाऊन दोन दिवस, सोबतीला एक माणूस, त्याचा बुडालेला रोज आणि भरल्यानंतर दोन-तीन दिवस छातीत आवळल्यासारखं दुखणं घेऊन केलेला परतीचा प्रवास. म्हणून लांबून येणाऱ्या बाईने सल्लामसलतीतच विचारावं: माझं एकाच ऑपरेशनमध्ये होईल का? दोन लागणार असतील तर मध्ये किती वेळा यावं लागेल? केमो चालू असेल तर त्याच तारखांना पिशवीही भरता येईल का? डॉक्टर पुष्कळदा असा मेळ घालून देतात, पण बाई कुठून येते हे त्यांना कळलं तरच.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस रक्तस्रावाकडे लक्ष ठेवण्याचे असतात. एक बाजू अचानक टणक होऊन फुगली आणि दुखणं वाढलं, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. रुग्णालयात असताना हे परिचारिकांच्या नजरेत येतं. घरी पाठवताना बहुतेकींच्या अंगावर एक किंवा दोन ड्रेन असतात. कुशीतून बाहेर आलेली बारीक नळी आणि तिच्या टोकाला चेंडूसारखी दाबून ठेवलेली प्लॅस्टिकची कुपी. आत साठणारं पाणी ती ओढून घेते. दिवसातून दोनदा हात साबणाने धुऊन कुपी रिकामी करायची, किती मिलीलिटर निघालं ते तारखेसह वहीत लिहायचं आणि कुपी दाबून पुन्हा बंद करायची. सुरुवातीला लालसर, मग पिवळट होत जातं. चोवीस तासांत तीस मिलीलिटरहून कमी येऊ लागलं आणि सलग दोन दिवस तसंच राहिलं की साधारणपणे नळी काढतात. याला आठवडा लागतो, कधी तीनही लागतात.

या तीन आठवड्यांत राहायचं कुठे, हा कोकणातल्या घरांचा खरा पेच आहे. परळ-लालबाग हा गिरणीत गेलेल्या कोकणी माणसाचा पिढ्यांचा पत्ता होता, आणि टाटा रुग्णालय १९४१ पासून त्याच परळमध्ये उभं आहे. गावकीच्या खोल्यांत, मामाच्या किंवा दिराच्या चाळीतल्या घरात राहून उपचार घेतलेल्यांच्या आठवणी प्रत्येक गावात सापडतात. आता ते नातेवाईक डोंबिवली, दिवा, नालासोपाऱ्याला गेले. परळला यायचं तर गर्दीची लोकल, आणि ताज्या जखमेवर कोणाचा कोपर बसेल याचा नेम नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. जागेची विचारणा ऑपरेशनची तारीख मिळताच करावी, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. नळी निघेपर्यंत रुग्णालयाजवळ राहावं, हा सल्ला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांना ते जमणारच नाही, त्यांनी निघण्याआधी आपल्या जिल्ह्यात नळी कोण काढू शकेल हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

परतीचा प्रवास शक्यतो रेल्वेने. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण किती वर्षं रखडलं हे कोकणवासीयाला सांगायला नको, आणि खड्ड्यातला प्रत्येक धक्का छातीच्या ताणलेल्या स्नायूला जाणवतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात रेल्वेचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत असते. त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. खालचा बर्थ मागावा, सामान सोबत्याने उचलावं, तासाभराने उठून डब्यातल्या डब्यात चालावं, म्हणजे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. मोटारीने यायचंच असेल तर सीटबेल्ट लावायचाच, फक्त पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एक मऊ उशी ठेवायची.

घरी आल्यावर दुखणं हळूहळू उतरतं. पहिले चार-पाच दिवस गोळ्यांची गरज असते. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर आवळल्यासारखं काही आठवडे वाटत राहतं. उताणं, पाठीखाली उशा देऊन अर्धवट बसल्यासारखं झोपायचं. पोटावर झोपणं सहा आठवडे तरी बंद. दंडाची हालचाल पहिले काही दिवस खांद्याच्या उंचीपर्यंतच. नंतर फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम रोज करायचा. बायका भीतीने हात अंगाला चिकटवून ठेवतात आणि खांदा आखडतो. आखडलेला खांदा नंतर सोडवणं फार कष्टाचं.

चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. डॉक्टरांच्या मनात दोन-तीन किलोंची मर्यादा असते. पण कोकणातल्या घरात यातलं हलकं काय आहे? पाण्याची भरलेली कळशी पाच किलोंच्या वर जाते. हापूसची पाच डझनी पेटी पंधरा किलोंच्या आसपास भरते. गॅसची भरलेली टाकी तीस किलोंच्या घरात. रहाटाने पाणी ओढणं, पाट्यावर वाटणं, नारळ सोलणं, शेणाने अंगण सारवणं, गवताचा भारा डोक्यावर घेणं, या प्रत्येक कामात छातीचाच स्नायू ताणला जातो. ‘आता टाके सुकले ना’ म्हणत सासरची माणसं आणि स्वतः ती बाईही तिसऱ्या आठवड्यात कामाला लागते. वरून जखम भरलेली दिसते. आतली पोकळी मात्र अजून पक्की झालेली नसते. तिथे पाणी साठतं, इम्प्लांट जागेवरून सरकतं, टाक्यांची रेषा उसवते. म्हणून मला वाटतं, कागदावर किलो लिहिण्याऐवजी घरच्यांसमोर कामांची नावं घेऊन सांगावं, आणि ती कामं या दीड महिन्यात कोण करणार हे तिथेच ठरावं. नवरा, मोठा मुलगा, जाऊ, शेजारीण, ज्याचं त्याचं नाव घेऊन. ऑपरेशनची तारीख निवडायला वाव असेल तर लावणी आणि आंब्याचा हंगाम टाळावा. कर्करोग मात्र हंगाम बघून थांबत नाही; त्या निमित्ताने उपचार लांबवू नयेत.

पावसाळ्यातला धोका वेगळा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत आणि दमट, घट्ट ब्रेसियरखाली घाम साचून त्वचेला बुरशी धरते. इम्प्लांटखालच्या घडीत ती पटकन पसरते. कपडे इस्त्री करून वापरावेत, जागा कोरडी ठेवावी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळद, खोबरेल, झाडपाल्याचा लेप काहीही लावू नये. जखम पूर्ण बंद होईपर्यंत चिखलात उतरायचं नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शेतातल्या पाण्यातून त्वचेवरच्या लहानशा चिरेतूनही शिरतात.

आणि मशेरी. हा विषय मुंबईच्या डॉक्टरांच्या प्रश्नावलीत सहसा नसतो. ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ असं विचारलं की आपली बाई मान हलवते आणि ते खरंच असतं. पण सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासलेली भाजलेली तंबाखूही रक्तात निकोटिन सोडते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. स्तन काढल्यावर उरलेल्या पातळ त्वचेला आधीच रक्त कमी मिळत असतं, त्यात हे झालं तर त्वचेची कड काळी पडते, मरते आणि खालचं इम्प्लांट उघडं पडतं. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत मशेरी पूर्ण बंद हवी. आजारपणात तीच एक सोबत वाटते, हे मी जाणते, पण यात सूट नाही. मधुमेह असेल तर साखरही याच काळात काटेकोर सांभाळावी लागते.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात आयुष्यभर जपायचा असतो. लसिकेची वाट कमी झाल्याने हाताला सूज धरू शकते आणि साध्या जखमेनेही ती वाढते. कोकणात या जखमांना तोटा नाही. विळीची धार, माशाचा काटा, करवंदीची काटेरी जाळी, काजूच्या टरफलातलं भाजणारं तेल. हातमोजे घालून काजू सोलावेत, मासे दुसऱ्या कोणी साफ करावेत, त्या हातात सुई आणि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो लावू देऊ नये, बांगड्या सैल असाव्यात. हात जड वाटू लागला की लगेच दाखवलं तर पट्टी बांधून आणि व्यायामाने सूज आवरता येते.

ताप १००.४ अंशांच्या वर जाणं, एका बाजूची लाली पसरत जाणं, टाक्यांतून किंवा नळीतून पू येणं, अचानक आलेली सूज, धाप लागणं, पोटरी दुखून फुगणं, यातलं काहीही झालं तर फोनवर विचारत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडून आलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, तसंच डेरवणचं रुग्णालय, ही आपल्याकडची मोठी ठिकाणं. तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवायला ऑपरेशनचा कागद सोबत हवा. इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर ते काढावंही लागतं, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की संसर्ग आटोक्यात येईपर्यंत केमो आणि रेडिएशन अडकून पडतं. आकार नंतरही देता येतो. कर्करोगाच्या उपचाराला उशीर झाला तर त्याची भरपाई होत नाही.

रेडिएशन लागणार असेल तर इम्प्लांटचा हिशेबच बदलतो. शरीर कोणत्याही इम्प्लांटभोवती पातळ आवरण तयार करतं. किरणांनी ते जाड आणि कडक होण्याचं प्रमाण बरंच वाढतं, स्तन दगडासारखा होतो, वर ओढला जातो, दुखतो. आपल्याकडे रोग उशिरा सापडत असल्याने रेडिएशन अनेकींना लागतं. अशा वेळी पाठीच्या किंवा पोटाच्या स्वतःच्या मांसाने स्तन घडवणं हा पर्याय शल्यविशारद सुचवतात. तो एकदा जमला की पुढची वर्षं निवांत जातात, पण ऑपरेशन मोठं आणि दोन जखमा भरायच्या. पाठीचा स्नायू घेतला तर ओढण्याची ताकद थोडी घटते; रहाट ओढणाऱ्या किंवा होडी वल्हवणाऱ्या बाईने हे आधीच विचारून घ्यावं. पोटाचा स्नायू घेतला तर वाकून लावणी करणारीला ते जाणवतं. काहीच न करता छाती सपाट ठेवणं हाही रास्त पर्याय आहे आणि तो निवडणारीला कोणी बिचारी समजू नये. ब्रेसियरमध्ये ठेवायचे कृत्रिम स्तन मिळतात. मुंबईची साईशा इंडिया ही संस्था सुती धाग्याने विणलेले हलके स्तन मोफत देते. कोकणच्या उकाड्यात सिलिकॉनच्या जड पॅडपेक्षा सूत कितीतरी सुखाचं.

पैशाबद्दल थोडं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार होतात. स्तनाची पुनर्रचना आणि इम्प्लांटची किंमत त्यात कितपत बसते हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून ऑपरेशनआधी स्पष्ट करून घ्यावं. खासगी विमा असणाऱ्यांना बहुधा सांगितलं जातं की हे सौंदर्याचं ऑपरेशन आहे, पैसे मिळणार नाहीत. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींमध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया वगळली आहे हे खरं, पण अपघात, भाजणं आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. हे वाक्य पॉलिसीच्या कागदात असतं. बोट ठेवून दाखवावं.

कर्करोग नसताना, केवळ आकारासाठी रोपण करून घेणाऱ्या मुली आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्या हे घरी सांगत नाहीत आणि म्हणून बरं होण्याचा काळ एकटीने, लपवून काढतात. ताप आला तरी गावातल्या डॉक्टरकडे जायला संकोचतात. त्यांचं बरं होणं तुलनेने लवकर होतं, आठवड्याभरात हलकी कामं जमतात, पण संसर्गाचा, रक्त साठण्याचा धोका त्यांनाही असतो आणि लक्षणंही तीच. निदान एका माणसाला तरी विश्वासात घ्यावं. डॉक्टरांनीही त्यांच्याशी उपदेशाच्या सुरात बोलू नये.

सहा आठवडे संपले, कामं सुरू झाली, तरी इम्प्लांटचं प्रकरण मिटत नाही. ते जन्मभराचं नसतं. काहींना दहा वर्षांनी, काहींना पंधरा-वीस वर्षांनी बदलावं किंवा काढावं लागतं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरून इम्प्लांट जगभर विकले, हे २०१० साली उघड झालं. तेव्हा अनेक देशांतल्या बायकांपुढे पहिला प्रश्न हाच होता: माझ्या छातीत कोणत्या कंपनीचं आहे? २०१९ साली ॲलर्गन कंपनीने आपले खरबरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण अशा पृष्ठभागाचा संबंध लसिकापेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी आढळला होता. तो बहुतेकदा रोपणानंतर अनेक वर्षांनी, एका बाजूला अचानक पाणी भरून सूज येण्याने कळतो. काही बायका सततचा थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा यांची तक्रार करतात. त्यामागचं कारण अजून पक्कं झालेलं नाही, पण इम्प्लांट काढल्यावर त्यांतल्या काहींना बरं वाटतं. म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणून तक्रार उडवून लावणं चूक.

सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर बाहेरून बहुधा काहीच कळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला असा की, पाच ते सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. रत्नागिरी शहरात सोनोग्राफी होते. पण तपासणीची आठवण कोण करून देणार? इथेच टाटा-डेरवणच्या त्या कामाकडे मी वळते. गाठ शोधण्यासाठी जी आशाताई घरी येते, तिला शस्त्रक्रिया झालेल्या बाईचीही नोंद दिली, नळीची वही कशी बघायची, सुजलेला हात कसा ओळखायचा आणि कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी पाठवायचं एवढं शिकवलं, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस शल्यविशारद आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसले, परळच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सोय झाली, तर अनेक फेऱ्या वाचतील. यासाठी नवी इमारत लागत नाही.

तोवर प्रत्येक बाईने डिस्चार्ज घेताना इम्प्लांटचं कार्ड मागून घ्यावं. कंपनीचं नाव, मॉडेल, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, आकारमान, अनुक्रमांक आणि तारीख, एवढं त्यावर असतं. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं आहे का, हेही पाहून घ्यावं. कार्डाचा फोटो मुलीच्या किंवा भावाच्या मोबाइलवर ठेवावा. इम्प्लांटमुळे काही त्रास झाला तर तो डॉक्टरांमार्फत मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवता येतो. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी ही केंद्र सरकारची यंत्रणा २०१५ पासून चालू आहे आणि तिथे तक्रार नोंदवताना कार्डावरचा अनुक्रमांकच विचारतात.